११ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही

टकलावर शस्त्रक्रियेने केस लावून घेतले (हेअर ट्रान्सप्लांट), त्याला या आठवड्यात ११ महिने झाले. त्याआधी वर्षभर मी नुसता वाचत होतो, लोकांची डोकी बघत होतो आणि डॉक्टरांना भेटत होतो. त्यातलं निम्मं वर्ष ‘एफयूटी, एफयूई की डीएचआय’ यातली कुठली पद्धत, याच घोळात गेलं.

तो घोळ आधी उरकून टाकतो. एफयूटीत मागच्या बाजूने त्वचेची एक पट्टी कापून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट केसांचे बारीक पुंजके, सुटे करतात. आडवी रेघ कायमची राहते, केस अगदी बारीक ठेवले तर दिसते. एफयूईत साधारण ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे गोल पोकळ पात्याने, एकेक ग्राफ्ट काढतात. रेघ नाही, पण ठिपक्यांएवढे व्रण राहतातच, त्यामुळे ‘व्रणच नाही’ असं जो सांगेल त्याच्याकडून उठून यावं. आणि डीएचआय ही केस काढायची वेगळी पद्धत नाहीच. काढतात एफयूईनेच, लावायला तेवढं चोई इम्प्लांटर नावाचं पेन वापरतात. ‘सफायर’ म्हणजे ग्राफ्ट बसवायला चिरा पाडायचं पातं नीलमण्याचं. एवढंसं कळायला मला चार महिने लागले, कारण जो तो आपल्या पाटीवर नवं नाव लिहितो.

खरी गोष्ट डोक्याच्या मागे असते. तिथले केस पुढे आणून लावले तरी मागचाच स्वभाव टिकवतात आणि सहसा गळत नाहीत, हे नॉर्मन ऑरेंट्राइक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये मांडलं. सगळा धंदा यावर उभा आहे. पण मागून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. म्हणजे हा साठा जन्माला एकदाच मिळतो, आणि पुढचं टक्कल तर वाढतच असतं. हे डोक्यात बसल्यावर माझे प्रश्नच बदलले.

पहिल्या ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत. एका ‘सल्लागारा’ने मोबाईलवर तीन फोटो काढले, पाच मिनिटांत ४,५०० ग्राफ्टचा आकडा सांगितला, शाळेत होती तशी खाली हेअरलाइन आखली आणि परवाची तारीख मोकळी आहे म्हणाला. मागचे केस बघायला त्याने मला मान वळवायलाही सांगितलं नाही.

ज्यांच्याकडे शेवटी केलं, त्या डॉक्टरांनी आधी मागच्या केसांवर भिंगाचा कॅमेरा धरला. मग विचारलं, वडिलांचं डोकं कसं आहे, मामांचं कसं आहे, गळती कितव्या वर्षी सुरू झाली, औषध काय चालू आहे. त्यांनी २,२०० ग्राफ्ट सांगितले, तेही फक्त पुढे, भोवऱ्याला हात लावायचा नाही. पेन्सिलने रेघ आखली तेव्हा मी म्हटलं, “अजून एक बोट खाली घ्या ना.” त्यांनी रेघ पुसली नाही. म्हणाले, “पन्नाशीत मागे सगळं गेलं आणि ही रेघ इथेच राहिली, तर कसं दिसेल ते एकदा आरशात बघा.” बघितलं. गप्प बसलो.

विचारायचं काय, तर चिरा कोण पाडणार, ग्राफ्ट कोण काढणार आणि त्या दिवशी आणखी किती जणांचं करणार आहात. केसाची दिशा आणि कोन चिरेतच ठरतो, म्हणून तिथे डॉक्टरांचाच हात हवा. आयएसएचआरएस ही केसांच्या सर्जनांची आंतरराष्ट्रीय संस्था डॉक्टर नसलेल्यांच्या हातून होणाऱ्या शस्त्रक्रियांबद्दल सावध करत असते, पण नुसतं तिचं सदस्यत्व म्हणजे हात चांगला, असं नाही. ग्राफ्टच्या आकड्याबरोबर केसांचा आकडाही मागा. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, त्यामुळे दोन हजार म्हटल्यावर दोन हजार काय, हे कळायला हवं.

फोटोंनी मला एकदा चांगलंच फसवलं. ज्याचं डोकं पाहून मी भाळलो होतो, त्याचे केस जाड आणि कुरळे होते. तसे केस कमी असले तरी टाळू झाकतात. माझे सरळ, बारीक. नंतर मी माझ्यासारख्याच केसांचे, वर्षभरानंतरचे, ओले करून विंचरलेले फोटो मागायला लागलो, आणि शिवाय मागची बाजू. मागची बाजू दाखवताना बरेच जण गडबडले.

पुढचं बहुतेक पुस्तकात असतं तसंच झालं. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली, दहाव्या दिवसापर्यंत खपल्या पडल्या. तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले. ते गळतात, मूळ आत राहतं, हे मी पन्नास वेळा वाचलं होतं. तरी सकाळी उशीवरचे आखूड केस चिमटीत धरून खिडकीशी नेऊन बघायचो. चौथ्या महिन्यात बारीक लव दिसली, सातव्यात भांग पाडता आला. आज समोरून कुणाला शंका येत नाही. डावा कोपरा किंचित विरळ आहे, आणि पुढचं भरल्यामुळे भोवरा पूर्वीपेक्षा जास्त नजरेत येतो, याची तयारी ठेवा.

माझी स्वतःवरची मोठी तक्रार औषधाची. केस लावल्याने आधीचे केस गळायचे थांबत नाहीत. मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड या गळतीवरच्या औषधांचा विचार पहिल्या भेटीतच करायला हवा होता. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक तक्रारी होतात, म्हणून ते डॉक्टरांशी नीट बोलूनच. मी मात्र ‘आधी सर्जन ठरू दे’ म्हणत वर्ष काढलं आणि त्या वर्षात भोवरा आणखी रुपयाभर वाढला.

गेल्या महिन्यात केस कापायला गेलो. न्हाव्याने पुढच्या केसांबद्दल चकार शब्द काढला नाही. मागे मशीन लावलं, थांबला, बोटाने केस उलटे करून बघितले आणि म्हणाला, “इथे तीन नंबरच्या खाली नको जाऊया.”