लिनक्सची जुनी नेटवर्क सेटिंग बदलायचीच आहे, तर नेटवर्क-मॅनेजर, नेटवर्कडी की नेटप्लॅन?

मे महिन्यात रावेर-सावद्याकडे वादळ सुटलं की लाइट दिवसातून कितीदा जाईल याचा भरवसा नसतो. केळीच्या वखारीतला हिशेबाचा सर्व्हर असो की जामनेरच्या जिनिंगमधला, यूपीएस संपला की बंद पडतो आणि लाइट आली की आपोआप सुरू होतो. रात्री दोनला तिथे की-बोर्डला हात लावायला कोणी नसतं. म्हणून लिनक्सवर नेटवर्क लावून देणाऱ्या या प्रोग्रॅमची तुलना मी एकाच कसोटीवर करतो: राउटर उशिरा उठला तरी मशीन स्वतःहून नेटवर्कवर येतं का?

आधी बदल कोणाला टाळता येणार नाही ते पाहू. सेंटओएस ७ (रेड हॅट लिनक्सचं मोफत रूप) चा अपडेटचा आधार ३० जून २०२४ ला संपला. आयएफसीएफजी फाइली (एकेका कार्डाची जुन्या पद्धतीची सेटिंग) वाचून नेटवर्क उभं करणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट रेड हॅट ८ मध्ये कालबाह्य ठरल्या आणि ९ मध्ये निघून गेल्या. ९ मध्ये नेटवर्क-मॅनेजर त्या फाइली अजून वाचतो, १० मध्ये तेही बंद. उबंटूने १७.१० पासूनच नेटप्लॅन धरलं. डेबियनवर मात्र इंटरफेसेस ही जुनी सेटिंगची फाइल आजही चालते. स्थिर पत्ता, एक केबल आणि बाकी सगळं सुरळीत असेल, तर ती उगाच बदलू नका. पण त्याच मशीनवर आरसी-लोकल या बूटच्या वेळी चालणाऱ्या फाइलमध्ये आयएफकॉन्फिग आणि रूट या जुन्या नेटवर्क कमांडच्या ओळी लिहून ठेवल्या असतील, तर त्या आजच काढा. नव्या इन्स्टॉलमध्ये त्या कमांड मुळात नसतातच, आणि ईटीएच-शून्य हे कार्डाचं नावही बहुधा बदललेलं असतं.

आता खरी तुलना. रेड हॅटच्या जुन्या स्क्रिप्टचा दोष आपल्याकडे नेमका नडतो. डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) असेल आणि सुरू होताना स्विचकडून सिग्नल मिळाला नाही, तर स्क्रिप्ट केबल तपासा असं सांगून हात वर करते. नंतर स्विच चालू झाला तरी ती पुन्हा बघत नाही. नेटवर्कडी आणि नेटवर्क-मॅनेजर दोघंही केबलवर लक्ष ठेवून असतात, सिग्नल आला की कामाला लागतात. फरक चिकाटीत आहे. नेटवर्कडी डीएचसीपीचा पत्ता मिळेपर्यंत मागतच राहतो. नेटवर्क-मॅनेजर मूळ सेटिंगमध्ये चार प्रयत्न करतो, मग पाच मिनिटं थांबून परत सुरू करतो. ऑटोकनेक्ट-रिट्राइज शून्य केलं की तोही थांबत नाही. राउटर उशिरा उठणाऱ्या जागी हा बदल पहिल्याच दिवशी करून ठेवा.

नेटवर्कडीची अडचण वेगळी. त्याची वेट-ऑनलाइन सेवा सेटिंग असलेल्या सगळ्या पोर्टांची वाट पाहते. दोन पोर्टांचं मशीन असेल आणि दुसऱ्या पोर्टला केबलच नसेल, तर बूट पूर्ण दोन मिनिटं अडकतं. सर्व्हर बिघडला असं समजून कोणीतरी पॉवरचं बटण दाबतं आणि डिस्कची वाट लागते. त्या पोर्टासाठी रिक्वायर्ड-फॉर-ऑनलाइन नो करा, नेटप्लॅनमध्ये असाल तर ऑप्शनल ट्रू. उलट, डेटाबेस एका ठराविक पत्त्यावर ऐकत असेल तर त्याच्या सेवेला नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटनंतर (नेटवर्क जोडलं गेल्याचा बूटमधला टप्पा) सुरू व्हायला सांगा आणि त्या टार्गेटची मागणीही तिथेच लिहा. नुसतं नेटवर्क टार्गेट लिहिलं तर पत्ता मिळाला आहे याची खात्री नसते.

वायफाय किंवा फोर-जी डोंगल असेल तर विचार करायलाच नको, नेटवर्क-मॅनेजर घ्या. नेटवर्कडीला वायफायचा पासवर्ड स्वतः हाताळता येत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम जोडावा लागतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरनेही २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून हीच वाट धरली. तिथे डीएचसीपीसीडी या जुन्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये पत्ता लिहीत बसलात तर काही होणार नाही.

नेटप्लॅनला बरेच जण तिसरा पर्याय मानतात. तो स्वतः नेटवर्क चालवत नाही, बूटच्या वेळी याच दोघांपैकी एकासाठी फाइली तयार करून देतो. उबंटूवर तो आहे तसा राहू द्या, बाकी ठिकाणी मुद्दाम बसवण्याएवढा फायदा मला दिसत नाही. मात्र त्याची एक सोय फार मोलाची: नेटप्लॅन ट्राय. जळगावात बसून शहाद्याच्या सर्व्हरची सेटिंग बदलताना तुमचंच कनेक्शन तुटलं, तर १२० सेकंदांत जुनी सेटिंग परत येते. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये गेटवे-फोर (बाहेर जायचा राउटर सांगणारी) ही ओळ दिसली तर ती आता कालबाह्य आहे. तिच्या जागी रूट्सखाली डिफॉल्ट लिहा. ओळींच्या मोकळ्या जागा स्पेसने द्या, टॅब चालत नाही.

थोडक्यात निवड अशी. केबलवरचा, कोणी बघायला नसलेला डेबियनचा सर्व्हर असेल आणि बदलणं भाग असेल तर नेटवर्कडी. उबंटू असेल तर नेटप्लॅनखाली तोच. रेड हॅटच्या घराण्यातलं काहीही असेल तर नेटवर्क-मॅनेजर. ९ वर असाल तर एनएमसीएलआय या नेटवर्क-मॅनेजरच्या साधनाची कनेक्शन मायग्रेट कमांड जुन्या आयएफसीएफजी फाइली नव्या रूपात आणून देते. ते १० वर जायच्या आधीच उरका. एका कार्डावर दोन व्यवस्थापक मात्र ठेवू नका, कोणाचा पत्ता टिकेल ते सांगता येत नाही. आणि बदल झाल्यावर नुसतं रीबूट करून समाधान मानू नका. सर्व्हर, स्विच, राउटर तिन्ही बंद करा, आधी सर्व्हर चालू करा, पाच मिनिटांनी स्विच आणि राउटर, आणि दुसऱ्या मशीनवरून पिंग करून बघा.