तालुक्यातलं भरतीचं ग्राउंड, माझा नऊ महिन्यांचा अनुभव

पोलीस भरतीची तयारी करून राहिलेल्या मुलींसाठी लिहिते, जरा लांब होईल. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, तालुक्यापासून 6 किलोमीटर. तालुक्याला एक माजी सैनिक सर पहाटे 5 ला ग्राउंड, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी, घेतात, महिन्याचे 600 रुपये.

त्याच्या आधी मी शहरातल्या एका अकॅडमीत तीन महिने होती. तिथं रोज टायमिंग, रोज फुल स्पीड, आणि जी मागं राहिली तिला सगळ्यांसमोर बोलणं. दुसऱ्याच महिन्यात दोन्ही नडग्या अशा दुखायला लागल्या की घरची पायरी उतरताना भिंत धरावी लागे, तिथले म्हणे पळून पळून जाईल, पण ते वाढतच गेलं. बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून फी भरली होती, आठवलं की अजून वाईट वाटते.

इथं सरांनी पहिले सहा आठवडे स्टॉपवॉच काढलंच नाही. बोलता बोलता पळता येईल एवढ्याच वेगानं पळायचं, आधी 20 मिनिटं, मग 30, मग 40. मला टेन्शन, कारण मुलींना 800 मीटरचे पूर्ण 20 मार्क पाहिजे तर 2 मिनिटं 50 सेकंदाच्या आत यावं लागते आणि मी होती 3:41 वर. सरांनी समजावलं की दम लवकर वाढते पण नडगीचं हाड तयार व्हायला जास्त वेळ लागते, दम आला म्हणून पोरी जोरात सुटतात आणि हाड मागंच राहते, मग पाय जाते. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

वही मात्र कम्पल्सरी. उठल्याबरोबर खाटेवरच नाडी मोजायची, झोप किती झाली, कुठं दुखते, सगळं लिहून रोज दाखवायचं. माझी नाडी आधी 76 असे, आता 61-62 असते. वेचणीच्या दिवसांत एकदा दिवसभर वावरात वाकून कापूस वेचला, रात्री झोप नाही, सकाळी नाडी 84. सरांनी वही पाहिली, बंद केली, म्हणाले, "आज नाही पळायचं पोरी, घरी जा अन् झोप." मी रडली, म्हटलं सर एक दिवस बुडला तर मागं पडन ना. ते म्हणाले, "पाय आरामातच तयार होते. थांबता येणं हेही शिकाच लागते." त्या दिवशी खरंच राग आला होता. तिसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या टायमिंगपेक्षा चार सेकंद कमी घेतले.

डोक्याची तयारीही इथं रोज होते. चुन्यानं आखलेला 200 चा ट्रॅक आहे, म्हणजे 800 ला चार राउंड. पहिल्या राउंडला बाजूची सुटली की आपणही सुटतो आणि तिसऱ्यात छाती फुटते, म्हणून सर पहिला राउंड 44 सेकंदाच्या आत आला की शिटी मारून परत बोलावतात. शेवटी रेषेच्या पुढं दहा पावलं पळायचं, रेषेवर पाय सोडायचा नाही. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपला बीडचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) 8:11.20 ला आला आणि गोल्ड फक्त पाच शतांश सेकंदानं गेलं, हे सर दर शनिवारी सांगतात. मागच्या शनिवारी माझे 2:57 आले.

4 किलोच्या गोळ्याची आणि 100 मीटरची प्रॅक्टिस होते, पण आठवड्यातून दोनदाच, ती कमी पडते. फिजिकल 50 मार्कांचं, त्यात 25 लागतातच, म्हणून गोळ्याकडे जास्त लक्ष द्यायला पाहिजे असं मी सरांना सांगितलं आहे.

मोठी अडचण पावसाळ्याची. जमीन काळी, बुटाला चिखलच चिखल, मग रस्त्यावर पळावं लागते आणि तिथून रेतीचे टिप्पर जातात, मला भीती वाटते. मुलींसाठी बाथरूम नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. लाइट एकच. 35 पोरापोरींचं ग्राउंड आहे, एवढी सोय झालीच पाहिजे, फी शंभर रुपयांनी वाढली तरी चालेल.

येणार असाल तर 4:50 लाच पोहचा, सर 5 नंतर आलेल्याला त्या दिवशी पळू देत नाहीत. शेंगदाणे-गूळ सोबत ठेवा. आणि जुने, तळ झिजलेले बूट घालून येऊ नका, नडगीचं दुखणं मी भोगलं आहे.