सिम्युलेटर की सिरीयल: असेंब्लीतला फ्लोट कुठे तपासावा?

लातूरकडच्या विहिरीची पातळी मोजणारा एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर २५.५ ऐवजी भलतंच दाखवतोय. असेंब्ली कोडमधला फ्लोट, म्हणजे दशांश संख्या, तपासायचा कुठे?

सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर चिपची नक्कल करणारा प्रोग्राम, फुकट. सिरीयलला, म्हणजे खऱ्या चिपमधला आकडा संगणकावर छापून बघायला, यूएसबी-टीटीएल मोड्यूल लागतं, तेही स्वस्तच.

२५.५ हा फ्लोट हेक्समध्ये ४१सीसी००००. एव्हीआर-जीसीसी या कंपायलरच्या पद्धतीत ४१ आर२५ रजिस्टरमध्ये, तळाचा ०० आर२२ मध्ये. मेमरीत मात्र उलट, ०० ०० सीसी ४१. गफलत बहुतेक इथेच! सिम्युलेटरात ती प्रत्येक स्टेपला दिसते. खरा सेन्सर तेवढा तिथे नसतो.

सिरीयलवर आठ हेक्स अक्षरं ९६०० बॉडला सुमारे ८.३ मिलिसेकंद खातात. छापणारं रूटीन वापरतं ती रजिस्टरं आणि एसआरईजी (स्टेटस रजिस्टर) आधी स्टॅकवर पुश करा, नाहीतर तपासणीच आकडा बिघडवते.

गणितच चुकत असेल तर सिम्युलेटर. टेबलावर बरोबर पण विहिरीवर चूक, तर सिरीयल.