गच्चीवरची सूर्यचूल : दोन हिवाळे, एक उन्हाळा वापरल्यावर

नौपाड्यातल्या आमच्या चार मजली सोसायटीच्या गच्चीवर मी पेटीची सूर्यचूल वापरते. आत काळा पत्रा, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, सोबत चार काळे डबे. ऊन काचेतून आत शिरतं, काळ्या पत्र्यावर त्याची उष्णता होते आणि ती सहज बाहेर पडत नाही.

साडेनऊला डाळ-तांदूळ धुऊन डबे आत ठेवते, आरसा उन्हाकडे वळवते आणि खाली येते. अकराला एकदा वर जाऊन पेटी फिरवायची. एकपर्यंत वरण-भात तयार. पाणी नेहमीपेक्षा कमी घालायचं, कारण वाफ फारशी जात नाही. डाळ लागत नाही, उतू जात नाही.

शेंगदाणे तर करून बघाच. डब्याला झाकण न लावता एका थरात पसरायचे. दोन तासांनी काच उघडली की खमंग वास थेट अंगावर येतो. दाणा चिमटीत चोळला की साल सुटतं, आतून सगळीकडे सारखा बदामी रंग. कढईत सतत हलवलं तरी चार दाणे करपतातच.

पोळ्या, फोडणी, तळण यात होत नाही. म्हणून आमच्या घरी आता उकडायचं ते उन्हावर आणि फोडणी गॅसवर. १४.२ किलोचा सिलिंडर पूर्वी ३८-४० दिवस जायचा, मार्च-एप्रिलमध्ये ५५ दिवस गेला. आपल्या देशातला निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस बाहेरून येतो, त्यातला बराचसा इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. तिकडे काही झालं की इथे ओट्याशी उभ्या बाईला काळजी लागते. शिवाय मे महिन्यात एवढ्याशा स्वयंपाकघरात कुकर लावावा लागत नाही, हे सुख वेगळंच.

त्रासही सांगते. दुकानातून आलेली पहिली काच तडकलेली होती, बदलून मिळायला तीन आठवडे लागले आणि प्रत्येक फोन मलाच करावा लागला. घरी आणण्याआधी दुकानदारासमोरच काच तपासा आणि रबराची एक जादा पट्टी मागून घ्या, ती वर्षभरात सैल पडते. जून ते सप्टेंबर पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून जिन्याखाली. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून मिळवायलाही दोन मीटिंगा गेल्या.

सध्या समोर पुनर्विकासाचं काम चालू आहे. काचेवर रोज सिमेंटची धूळ बसते, पुसली नाही तर डाळीला पाऊण तास जास्त लागतो. धुळीचं एक वेळ ठीक आहे, ती फडक्याने जाते. पण ती इमारत आमच्या दक्षिणेला आहे आणि डिसेंबरात सूर्य त्याच बाजूने खालून जातो. तिथे वीस मजले चढले की हिवाळ्यात आमच्या गच्चीवर ऊन किती उरेल? परवानगी देताना शेजारच्या गच्चीवरचं ऊनही कुणीतरी मोजायला हवं. पुढच्या मीटिंगमध्ये मी हा विषय मांडणार आहे.