ऑटो की स्टॅटिक? पीओई पोर्ट सेट करताना

पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून उपकरणांना वीजही देणारा स्विच, लावला, कॅमेरे दिसू लागले, फोन वाजले की काम झालं असं वाटतं. पण खरी परीक्षा वीज जाऊन परत येते तेव्हा असते. म्हणून पोर्टला वीज देण्याच्या ऑटो आणि स्टॅटिक या दोन पद्धतींतला फरक आधीच समजून घ्या.

माझं उदाहरण सिस्को कॅटॅलिस्ट २९६०-एक्सचं आहे: २४ पोर्ट, पीओई बजेट (सगळ्या पोर्टांना मिळून देता येणारी वीज) ३७० वॅट. २४ गुणिले १५.४ म्हणजे ३६९.६. म्हणजे २००३च्या ८०२.३एएफ या पीओई मानकाची पूर्ण वीज, पोर्टमागे १५.४ वॅट, सगळ्या पोर्टांना मिळते. २००९च्या ८०२.३एटी मानकाची ३० वॅटवाली उपकरणं लावलीत, तर बारा पोर्टांतच बजेट संपतं.

आता धरा, ६ वाय-फाय अॅक्सेस पॉइंट ३० वॅटचे, १० कॅमेरे १५.४चे आणि ८ फोन ७ वॅटचे. बेरीज ३९०. वीस वॅट कमी पडतात.

ऑटोवर जो आधी आला त्याला वीज. फोन शेवटी आले तर तीन फोन बंद राहतील, कॅमेरे शेवटी आले तर दोन कॅमेरे. त्यातला एक गेटवरचा असला तर? रोजच्या वापरासाठी ऑटो उत्तमच आहे: उपकरण आपला क्लास (किती वीज लागते त्याचा गट) सांगतं, स्विच तेवढी वीज देतो, बाकीची मोकळी राहते. पण अडचणीच्या वेळी महत्त्वाचं कोण, हे त्याला कळत नाही.

स्टॅटिकमध्ये ते तुम्ही ठरवता. वीज आधीच राखून ठेवली जाते आणि वाटपात स्टॅटिक पोर्टांचा नंबर ऑटोच्या आधी लागतो. मात्र कमाल आकडा दिला नाही तर पूर्ण ३० वॅट अडकतात, पोर्ट रिकामा असला तरी. म्हणून गेटच्या कॅमेऱ्याच्या पोर्टला ‘पॉवर इनलाइन स्टॅटिक मॅक्स १५४००’ (power inline static max 15400) ही कमांड लिहा. आकडा मिलिवॅटमध्ये असतो. काटकसर म्हणून ८००० लिहू नका. कॅमेऱ्याच्या क्लासची मर्यादा त्याहून जास्त असेल तर स्विच वीजच देणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे: सगळं ऑटोवर ठेवा, स्टॅटिक फक्त दोन-तीन पोर्टांना. कारण स्टॅटिकने वीज वाढत नाही, नंबर कोणाचा आधी एवढंच ठरतं. ते वीस वॅट भरून काढायचे तर ‘पॉवर इनलाइन कन्झम्प्शन ९०००’ (power inline consumption 9000) कामाला येतं: क्लास काहीही असो, स्विच त्या पोर्टला ९ वॅटच धरतो. १५.४ वॅट अडवणारा कॅमेरा प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याच्या निम्म्यावर चालतो. दहा कॅमेऱ्यांना ९ वॅट धरले की ६४ वॅट सुटतात आणि बेरीज ३२६वर येते. पण आकडा टाकण्याआधी ‘शो पॉवर इनलाइन पोलीस’ (show power inline police) लावून प्रत्यक्ष वापर पाहा, आणि तो रात्री पाहा. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वापर चढतो. दुपारचा आकडा धरलात तर वाटप चुकेल आणि स्विचवर ताण येईल.

तिसरा पर्याय ‘नेव्हर’, म्हणजे पोर्टला वीज द्यायचीच नाही; तो अपलिंकला, म्हणजे दुसऱ्या स्विचकडे किंवा राउटरकडे जाणाऱ्या पोर्टला लावा. अडकलेला कॅमेरा शिडी न लावता रीस्टार्ट करायलाही ते सोयीचं: नेव्हर, दहा सेकंद थांबा, मग परत चालू. गेटच्या कॅमेऱ्याला परत चालू करताना मात्र घाईत ‘ऑटो’ टाइप होतं, आणि नेव्हरने सुटलेली राखीव वीज परत राखली जात नाही. तिथे स्टॅटिकची ओळ पूर्ण लिहा, मॅक्ससकट.