ड्रॉपडाउनला रूप द्यायचे तर: साधा सिलेक्ट, बेस-सिलेक्ट की लायब्ररी?

डिझाइनच्या चित्रात ड्रॉपडाउनला गोल कडा असतात, ब्रँडचा रंग असतो, यादीतल्या प्रत्येक ओळीला चिन्ह असते. ब्राउझरमध्ये मात्र एचटीएमएलच्या 'सिलेक्ट' टॅगचा करडा चौकोन येतो आणि मग पहिली धाव लायब्ररीकडे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडकडे, जाते. त्याआधी एवढेच ठरवा: बदलायचे आहे ते बंद असताना दिसणारे खोके, की उघडल्यावर खाली येणारी यादी? खोके बदलणे दहा ओळींच्या सीएसएसचे काम आहे. यादी बदलायला घेतली की कीबोर्ड, मोबाइल, स्क्रीन रीडर (पडद्यावरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर), फॉर्मची तपासणी या सगळ्यांची जबाबदारी अंगावर येते. बहुतेक मागण्या खरे तर खोक्याच्याच असतात.

पुढे उदाहरण म्हणून पत्त्याचा फॉर्म धरू: महाराष्ट्रातले ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि त्याखाली गाव.

साधा सिलेक्ट, वरून रंगवलेला

'अपिअरन्स' ही प्रॉपर्टी 'नन' केली की ब्राउझरचे मूळ रूप निघून जाते आणि किनार, रंग, गोलाई, पॅडिंग सगळे आपल्या हातात येते. फॉन्ट मात्र पानाकडून आपोआप उतरत नाही, तो 'इनहेरिट' करून घ्यावा लागतो. हे राहिले की मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये दिसतो.

मूळ रूपासोबत बाणही जातो. सिलेक्टला 'बिफोर' आणि 'आफ्टर' हे छद्म-घटक (सीएसएसने घटकाला जोडलेले, एचटीएमएलमध्ये न लिहिलेले भाग) लागू होत नाहीत, म्हणून बाण पार्श्वभूमीचे एसव्हीजी चित्र म्हणून द्यायचा आणि उजवीकडे त्याच्यापुरते पॅडिंग ठेवायचे. एसव्हीजी थेट सीएसएसमध्ये लिहीत असाल तर रंगाच्या कोडमधले हॅश चिन्ह एन्कोड केलेले हवे, नाहीतर बाण दिसतच नाही. दुसरा मार्ग म्हणजे बाहेरच्या डिव्हला बाण लावणे. त्यात त्या बाणाचे 'पॉइंटर-इव्हेंट्स' बंद करायला विसरू नका. बाणावर बोट ठेवले आणि यादी उघडलीच नाही, ही तक्रार हमखास तिथूनच येते.

विंडोजवर जास्त कॉन्ट्रास्टची थीम लावणाऱ्यांचा विचार सहसा कोणी करत नाही. त्या स्थितीत ब्राउझर आपले रंग बदलतो, पण चित्र म्हणून दिलेला बाण तसाच ठेवतो. काळ्या पार्श्वभूमीवर काळा बाण. 'फोर्स्ड-कलर्स'च्या मीडिया क्वेरीत, म्हणजे अशी थीम चालू असतानाच लागू होणाऱ्या नियमांत, 'अपिअरन्स' परत 'ऑटो' करून बाणाचे चित्र काढून टाकले की प्रश्न मिटतो.

देवनागरीसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ३२ पिक्सेल ठरीव उंचीचे खोके इंग्रजीत नीट दिसते, पण 'सिंधुदुर्ग'चा रफार वरून किंवा उकार खालून कापला जातो. उंची ठरवून टाकू नका. वर-खाली पॅडिंग आणि ४४ पिक्सेल किमान उंची द्या, बोटालाही ती सोयीची पडते. अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवला तर आयफोनवरची सफारी खोक्यावर टॅप करताच पान झूम करते. म्हणून मोबाइलवर १६च्या खाली जायचे नाही.

आता यादी. ती ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम काढते. विंडोजवरच्या क्रोममध्ये ऑप्शनला, म्हणजे यादीतल्या एकेका ओळीला, रंग आणि पार्श्वभूमी लागू होते, मॅकवर तीही धड होत नाही. पॅडिंग, गोल कडा, चिन्हे विसरा. गडद थीममध्ये खोक्याला पांढरी अक्षरे आणि अर्धपारदर्शक पार्श्वभूमी दिली की विंडोजवर पांढऱ्यावर पांढरी यादी उघडू शकते. उपाय दोन: 'कलर-स्कीम' गडद सांगणे आणि ऑप्शनला दोन्ही रंग स्पष्ट देणे.

याच्या बदल्यात मिळते ते फार मोलाचे: फोनवर त्या फोनचीच ओळखीची यादी, खिडकीच्या बाहेरही पसरू शकणारा मेनू, बाणाच्या कळा, एस्केप, अक्षर टंकून उडी, फॉर्म रीसेट, 'रिक्वायर्ड'ची सूचना. यातले काहीही आपल्याला लिहावे लागत नाही. ३६ जिल्ह्यांसाठी हे पुरते. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर या सहा विभागांचे 'ऑप्टग्रुप' (यादीतले शीर्षकासह गट) केले की यादी वाचायलाही सोपी होते. एक उणीव मात्र खरी आहे. अक्षर टंकून उडी मारायची तर इनस्क्रिप्टवाल्याला, म्हणजे कळ दाबताच थेट देवनागरी अक्षर उमटणाऱ्या कीबोर्डवर लिहिणाऱ्याला, जमते. फोनेटिक पद्धतीने, म्हणजे रोमन अक्षरांतून मराठी, लिहिणाऱ्याला जमत नाही, कारण सिलेक्ट ही मजकूर लिहिण्याची जागा नाही आणि शब्द जुळवणारा कीबोर्ड तिथे चालू होत नाही.

बेस-सिलेक्ट

एप्रिल २०२५मध्ये क्रोम १३५ आणि त्यापाठोपाठ एजमध्ये हा पर्याय आला. 'अपिअरन्स'ला 'बेस-सिलेक्ट' हे मूल्य द्यायचे, आणि ते दोन ठिकाणी: सिलेक्टला व त्याच्या 'पिकर' या छद्म-घटकाला. फक्त सिलेक्टला दिले तर खोके बदलते आणि यादी जुनीच राहते. दोन्हीकडे दिले की यादी, बाण, निवडलेल्या ओळीची बरोबरची खूण, सगळे साध्या सीएसएसने रंगवता येते. ऑप्शनमध्ये चित्र किंवा स्पॅन टाकता येतो. सिलेक्टच्या आत पहिले बटण आणि त्यात 'सिलेक्टेड-कंटेंट' हा टॅग ठेवला की निवडलेल्या ऑप्शनची हुबेहूब प्रत खोक्यात दिसते. जिल्ह्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत विभाग दाखवला असेल, तर तो खोक्यापुरता 'डिस्प्ले नन' करून लपवताही येतो.

यादी पानाच्या सर्वांत वरच्या थरात उघडते, त्यामुळे झेड-इंडेक्सची (कोणता घटक कोणाच्या वर ते ठरवणाऱ्या प्रॉपर्टीची) मारामारी नाही आणि 'ओव्हरफ्लो हिडन' असलेला डबा तिला कापत नाही. कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरचे काम ब्राउझरच पाहतो.

पण साध्या सिलेक्टची काही वैशिष्ट्ये इथे सोडावी लागतात. यादी ब्राउझरच्या खिडकीबाहेर जात नाही. फोनवर सिस्टिमची यादी उघडत नाही. खोके सर्वांत लांब ऑप्शनएवढे रुंद राहत नाही; 'बीड'वरून 'छत्रपती संभाजीनगर' निवडले की शेजारची सगळी मांडणी सरकते, म्हणून रुंदी आपणच द्यायची. ऑप्शनमधला मजकूर नंतर जावास्क्रिप्टने बदलला तर खोक्यातली प्रत आपोआप बदलत नाही. यादीच्या आत शोधपट्टी बसत नाही. शिवाय पहिल्या आवृत्तीत एकाहून जास्त पर्याय निवडणाऱ्या सिलेक्टला ही सोय नव्हती.

ज्या ब्राउझरला हे कळत नाही, तो ऑप्शनमधले टॅग गाळतो, मजकूर ठेवतो आणि साधा सिलेक्ट दाखवतो. आयफोनवरचा क्रोम आतून सफारीचेच इंजिन वापरतो, हे विसरून लोक चकतात. म्हणून 'सपोर्ट्स'च्या, म्हणजे ब्राउझरला हे जमते का ते तपासणाऱ्या, अटीत हे नियम लिहा आणि अटीबाहेर वरचा साधा सिलेक्ट नीट सजवून ठेवा. नाव आणि विभाग दोन स्पॅनमध्ये असतील तर मध्ये जागा सोडा, नाहीतर जुन्या ब्राउझरमध्ये 'सातारापुणे' अशी ओळ दिसते. रिअॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत सर्व्हरवरून पान पाठवत असाल तर गाळलेल्या टॅगमुळे हायड्रेशनच्या (सर्व्हरने पाठवलेल्या पानाला ब्राउझरमधला कोड जोडण्याच्या) चुका येतात. तिथे ऑप्शनमध्ये नुसता मजकूर ठेवणे शहाणपणाचे.

सिलेक्ट-टू, टॉम सिलेक्ट, चॉइसेस

या लायब्रऱ्या मूळ सिलेक्ट लपवून त्याच्या जागी डिव्हची नक्कल उभी करतात. सिलेक्ट-टूला जेक्वेरी ही जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी लागते, टॉम सिलेक्ट आणि चॉइसेसला नाही. नुसत्या देखण्या रूपासाठी यांच्याकडे जाऊ नये. जायचे ते शोध, अनेक पर्यायांच्या चिप्स (निवडलेल्या पर्यायांच्या छोट्या पट्ट्या) आणि सर्व्हरवरून येणारी यादी यांसाठी.

नक्कल आणि मूळ वेगळे असल्याने बिघाडही तिथेच होतात. जिल्हा बदलल्यावर तालुक्याचे मूल्य कोडने बदलले आणि 'चेंज' इव्हेंट सोडला नाही, तर सिलेक्ट-टूमध्ये जुनाच तालुका दिसत राहतो. फॉर्म मात्र नवा पाठवतो. टॅबमध्ये लपलेल्या सिलेक्टवर लायब्ररी चालवली की खोके आक्रसते; रुंदी १०० टक्के सांगावी लागते. बूटस्ट्रॅप या सीएसएस चौकटीच्या मोडलमध्ये (पानावर उघडणाऱ्या छोट्या खिडकीत) शोधपट्टीत टंकताच येत नाही, कारण मोडल फोकस आपल्या आतच धरून ठेवतो आणि सिलेक्ट-टूची यादी बॉडीच्या शेवटी लागलेली असते. 'ड्रॉपडाउन-पेरेंट'मध्ये मोडल दिला की चालते. जेक्वेरी ३.६.० घेतल्यावर यादी उघडताना शोधपट्टीवर फोकस जाईनासा झाला होता, तो किस्सा अजून जुन्या प्रकल्पांत भेटतो.

शोध मात्र या गटाचे खरे बळ, आणि मराठीत तो जसाच्या तसा पुरत नाही. 'कऱ्हाड' घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) त्यांना एक करत नाही. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना ऱ चा र करायचा आणि जोडचिन्ह काढून टाकायचे. दाखवायचा मजकूर बदलायचा नाही, फक्त तुलनेचा. मग 'कराड' लिहिणारा आणि रोमन लिपीत लिहिणारा राहतो. त्यांच्यासाठी प्रत्येक तालुक्याला पर्यायी शब्दांचे वेगळे फील्ड ठेवा. टॉम सिलेक्टला कोणत्या फील्डमध्ये शोधायचे ते थेट सांगता येते, सिलेक्ट-टूमध्ये स्वतःचा 'मॅचर' लिहावा लागतो.

हेडलेस घटक

रिअॅक्टवाल्यांसाठी रॅडिक्स, हेडलेस यूआय, रिअॅक्ट एरिया आहेत. वागणूक तयार मिळते, रूप पूर्ण आपले. स्वतः शून्यापासून डिव्हचा ड्रॉपडाउन लिहिण्यापेक्षा हे केव्हाही बरे. होम-एंड, टंकून उडी, एस्केपनंतर फोकस परत खोक्यावर येणे या गोष्टी हाताने लिहिताना एखादी सुटतेच. रॅडिक्सच्या सिलेक्टमध्ये ऑप्शनचे मूल्य रिकामे चालत नाही, थेट एरर येते. 'तालुका निवडा' हा प्लेसहोल्डर म्हणून द्यायचा. त्यात शोधही नाही. शोध हवा तर रिअॅक्ट एरियाचा कॉम्बोबॉक्स बघा.

पत्त्याच्या फॉर्मसाठी

जिल्ह्याला साधा सिलेक्ट, वरून हवा तर बेस-सिलेक्टचा थर. जिल्हा निवडल्यावर तालुके फार उरत नाहीत, साताऱ्यात ११ आणि कोल्हापुरात १२, तिथेही साधाच. नवी यादी येईपर्यंत तो 'डिसेबल्ड' ठेवा. जिल्हा न विचारता थेट ३५८ तालुक्यांतून निवडायला लावणार असाल, तरच टॉम सिलेक्टचा विचार करा.

गावाचे गणित वेगळे. राज्यात ४० हजारांहून जास्त गावे आहेत, ती पानात ओतता येत नाहीत. तालुका कळल्यावर दोन अक्षरांनंतर, साधारण २५० मिलिसेकंद थांबून सर्व्हरला विचारणारी लायब्ररी तिथे हवीच. 'कऱ्हाड'साठी केलेली अक्षरांची सफाई तेव्हा डेटाबेसच्या बाजूलाही करावी लागेल, सफाई केलेल्या नावाचा वेगळा कॉलम ठेवून.