छप्पन्न की आठ : ग्रीनच्या काठावरून चिप कशाने मारावी

दिवाळीनंतर गोल्फचं मैदान कोरडं व्हायला लागलं की दरवर्षी कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतं. अठरा होलचा स्कोअर ९५-९६ फटक्यांवर अडलाय. ड्रायव्हर (लांब मारायची काठी) बरा चाललाय, पटही (होलाकडे चेंडू लोटायचे फटके) ठीक आहेत. ग्रीनजवळ, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ, पोचेपर्यंत सगळं सुरळीत, आणि तिथून पुढे दोन-तीन फटके कुठे जातात तेच कळत नाही. मग ५६ डिग्रीची चांगली वेज (चेंडू उंच उचलणारी, तिरप्या तोंडाची काठी) घेऊन हिवाळाभर तिच्यावर मेहनत करावी, की बॅगेत आहे त्याच आठ नंबरच्या, कमी तिरप्या आयर्नने चेंडू लोटायला शिकावं? मी दोन्ही करून पाहिलं. आधी चार वर्षं वेज, नंतर तीन वर्षांहून जास्त काळ आठ नंबर. खाली लिहितोय ते त्या अनुभवावरून. तुमचा हात वेगळा असेल, तुमचं मैदान वेगळं असेल, तेवढं धरून वाचा.

एवढ्याशा फटक्याचं काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपली जुनी कार्डं काढून बघावीत. आपल्यासारखा हौशी खेळाडू अठरापैकी चार-पाच ग्रीन ठरलेल्या फटक्यांत गाठतो, तेही चांगल्या दिवशी. बाकी बहुतेक होलवर चिप, म्हणजे ग्रीनच्या काठावरून होलाकडे मारायचा छोटा फटका, येतेच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने हुकलं. चेंडू लांब मारण्यात ती बऱ्याच जणींच्या मागे होती. तरी शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या झुंजीत राहिली ती ग्रीनवरच्या आणि ग्रीनभोवतीच्या खेळावर.

आता वेजबद्दल. ती वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. तिने उचललेला चेंडू जसा उंच जाऊन मऊ उतरतो तसा आठ नंबरने उतरवता येत नाही, कोणालाच नाही. लहानपणी बेळगावात, शहापूरच्या गल्लीत विटीदांडू आणि गोट्या दोन्ही खेळलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. विटी कोलली की ती हवेत किती जाईल आणि कुठे पडेल हा सगळा मनगटाचा अंदाज. गोटी गलीकडे सोडली की ती जमिनीवरून चालते, आणि जमीन आपल्याला दिसत असते. विटी कोलण्यातला आनंद मोठा. वेजने बंकरवरून (वाळूच्या खड्ड्यावरून) टाकलेला चेंडू पिनपाशी (होलातल्या झेंड्यापाशी) थांबला की दोन दिवस मन हलकं राहतं, हे मी अनुभवलंय.

पण माझा निर्णय एकाच त्रासाने केला, आणि तो नीट सांगायला हवा.

वेजच्या तळव्याला मागच्या अंगाला फुगवटा असतो. त्यालाच बाउन्स म्हणतात. अमेरिकन खेळाडू जीन साराझेनने १९३२ च्या सुमारास आजच्या रूपातली सँड वेज घडवली ती वाळूसाठी : पुढची धार वाळूत रुतू नये, तळव्याने वाळूवरून सरकत जावं. वाळूत किंवा दाट, मऊ गवतात हा फुगवटा फार कामाचा. आता आपलं मैदान फेब्रुवारी ते मे डोळ्यांसमोर आणा. तांबडी माती भाजून कडक झालेली, खाली मुरूम, वर हरळीचे चार वाळके तंतू. तिथे तळवा टेकला की तो सरकत नाही, उसळतो. अर्धा इंच उसळला तरी पुरे. धार चेंडूच्या खाली जायच्या ऐवजी थेट त्याच्या पोटात बसते. टक्क असा कोरडा आवाज येतो, कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, आणि पाच पावलं जायचा चेंडू जमिनीलगत सुसाट ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत. तिथून परत तशीच चिप, तशाच कडक जमिनीवरून, आणि आता हातात भीती. चार व्हायचे तिथे सात होतात ते असे.

कमी बाउन्सची वेज घ्या, असं कोणीही सांगेल. मलाही सांगितलं होतं, आणि मी घेतली, आठ डिग्री बाउन्सवाली. मेपर्यंत ती खरोखर छान चालली. जूनमध्ये पावसाने धरलं, आणि तीच धार ओल्या मातीत कुदळीसारखी घुसायला लागली. चेंडू दीड हात, मातीचं ढेकूळ त्याच्याही पुढे. म्हणजे आपल्या हवेत वर्षाला दोन वेज हव्यात. वळवाच्या दिवसांत तर एकाच सकाळी दोन्ही हव्यात, कारण झाडाखालच्या ग्रीनपाशी कालचा चिखल असतो आणि उघड्यावरच्या ग्रीनपाशी जमीन दगडासारखी. प्रत्येक चिपआधी पायाने जमीन दाबून बघायची, मग बाउन्सचा विचार करायचा, मग स्विंगचा. एवढा विचार डोक्यात घेऊन नाजूक फटका मला कधी जमला नाही.

सरावाने सुधारणा झाली नाही असं नाही. चारपैकी तीन चिप चांगल्या जायला लागल्या. चौथी कुठली हे मात्र मारेपर्यंत कळत नसे. मी उद्यमबागेत फाउंड्रीत पंचवीस वर्षं काढली आहेत. तिथे साच्याची किंमत त्यातून निघालेल्या सगळ्यात देखण्या कास्टिंगवरून कोणी करत नाही. विचारतात ते रिजेक्शन : शंभरात किती भंगारात गेले? माझ्या वेजचे देखणे फटके मला आठवत होते, सोबत खेळणाऱ्यांनाही आठवत होते. रिजेक्शन कार्डावर चढत होतं आणि तिकडे मी बघतच नव्हतो. आमची बॅग उचलणारा एक जुना कॅडी फार आधीपासून सांगायचा, "साहेब, उडवतायसा कशाला? लोटा की." मी ते मनावर घेतलं नाही.

मनावर घ्यायची वेळ आली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. बिबट्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला तो महिना कुठलाच बेळगावकर विसरणार नाही. आसपासच्या २२ शाळांना सुट्टी, वनखात्याने सक्रेबैलच्या कॅम्पातून आणलेले हत्ती, आणि सकाळी फिरायला जाणारेही घरात. खेळायला जायचा प्रश्नच नव्हता. बाहेर पावसाची झड. घरात मागची पडवी तेवढी बारा पावलं लांब, वर मंगळुरी कौलं. चेंडू उंच उडवणं तिथे शक्यच नव्हतं. सतरंजीच्या एका घडीवरून आठ नंबरने चेंडू उचलायचा, दोन-तीन पावलांवरच्या दुसऱ्या घडीवर टाकायचा आणि उंबऱ्यापर्यंत चालवायचा, एवढंच करता येत होतं. रोज संध्याकाळी अर्धा तास तेच केलं. मैदानावर परत गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी ग्रीनच्या काठावर उभं राहताना पोटात गोळा आला नाही. कितीतरी वर्षांत प्रथमच.

पद्धत साधी आहे, पण एक-दोन गोष्टी कोणी समोर उभं राहून दाखवल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून लिहितो. आठ नंबर पटरसारखी धरायची, पटरच्याच पकडीने. चेंडूच्या खूप जवळ उभं राहायचं, इतकं की काठी उभी होऊन ब्लेडची टाच जमिनीवरून उचलली जाते आणि फक्त टोक टेकतं. चेंडू उजव्या पायासमोर, वजन डाव्या पायावर. मनगट गप्प. खांद्यांनी पट मारल्यासारखं मारायचं. टाच वर असल्यामुळे जमिनीला लागतो तो ब्लेडचा छोटासा भाग, म्हणून कडक मुरूम असो की ओली माती, आठ नंबर उसळायला किंवा रुतायला फारसं कारणच उरत नाही. टोकाकडे लागलेला चेंडू जरा मेलेला निघतो, तेही हवंच असतं. माझा वेजचा सगळा त्रास संपला तो या एका गोष्टीने.

किती हवेत आणि किती जमिनीवर, यासाठी बाराचा जुना हिशेब आहे. बारातून काठीचा नंबर वजा करा. आठ नंबर असेल तर उरले चार : एक भाग हवेत, चार भाग जमिनीवर. होलपर्यंत पंधरा पावलं असतील तर तीन पावलांवर चेंडू टाकायचा, उरलेली बारा तो स्वतः चालतो. नऊ नंबरला एकास तीन, सात नंबरला एकास पाच. एक मात्र लक्षात ठेवा : हा हिशेब जुन्या काळच्या लॉफ्टचा, म्हणजे काठीच्या तोंडाच्या तिरपेपणाचा. आजच्या सेटमधल्या आयर्न नंबरच्या मानाने सरळ असतात, त्यामुळे त्यांचा चेंडू थोडा जास्त पळतो. माझा आठ नंबर उन्हाळ्यात जवळजवळ एकास पाच धावतो. तुमचा किती धावतो ते ग्रीनवर एक सकाळ घालवून पावलांनी मोजून घ्या.

हरळीचं मात्र दोन्हींना सांभाळावं लागतं. गणपतीला वाहतो ती दूर्वा आणि शेतकरी जिला वैतागतो ती हरळी, मैदानावर बर्म्युडा म्हणतात तीही हीच. तिचे तंतू एका बाजूला लवलेले असतात. चेंडू त्यांच्या उलट दिशेने मारायचा असेल तर वेजची धार अडकते, आठ नंबरही थोडी ओढली जाते. माझ्या हाताला आठ नंबरचं ओढणं निम्म्याने कमी जाणवतं. ग्रीनवरही उलट तंतूंवर चेंडू लवकर थांबतो, तेव्हा एक पाऊल जास्त धरावं.

आमच्या बरोबर खानापूरचे एक डॉक्टर खेळतात, ते वेजचे पक्के. त्यांचा पहिला दाखला असतो अमेरिकन खेळाडू टॉम वॉटसनचा. १९८२ च्या यूएस ओपनमध्ये, पेबल बीचच्या सतराव्या होलवर त्याने ग्रीनशेजारच्या रफमधून (वाढलेल्या गवतातून) सँड वेजने चेंडू थेट होलात घातला आणि स्पर्धा जिंकली. खरं आहे, आणि तो फटका आठ नंबरने होण्यासारखा नव्हताच. मी त्यांना एवढंच म्हणतो की वॉटसनच्या वेजखाली समुद्रकाठचं रसरशीत गवत होतं. आणि ब्रिटनच्या कडक जमिनीवर पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला वॉटसन तिथे चेंडू जमिनीवरून चालवायलाही शिकला होता.

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. ते म्हणतात, "अहो, हँडिकॅप (खेळाडूच्या दर्जाचा आकडा) शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठांवरून निघतो. शिवाय एखाद्या होलवर कितीही वाईट झालं तरी हिशेबात ते नेट डबल बोगीलाच, म्हणजे त्या होलच्या ठरलेल्या कमाल आकड्यालाच, थांबतं. मग वेजचे चांगले दिवस मोजले जातात आणि वाईट दिवस गळून पडतात. तुम्ही रिजेक्शन कशाला मोजता?" हँडिकॅपपुरतं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. ज्याचं सगळं लक्ष त्या आकड्यावर आहे आणि ज्याच्या मनगटात वेजची जाण आहे, त्याने त्यांचं ऐकावं. मला मात्र रविवारी सकाळी अठराही होल खेळायचे असतात, उत्तम आठ फेऱ्यांच्या आशेवर बाकीच्या बारा सहन करायच्या नसतात. माझं कार्ड ९६ वरून ८८-८९ वर आलं. त्यातले किती फटके चिपचे हे मी मोजलेलं नाही, पण सात आणि आठ हे आकडे कार्डावरून जवळजवळ गेलेत, आणि ते कुठे व्हायचे हे मला पक्कं माहीत आहे. आठ नंबरची चुकलेली चिपही दोन-तीन पावलं अलीकडे किंवा पलीकडे थांबते. तिथून वाईटात वाईट पटरचे दोन फटके.

जुलै-ऑगस्टला मात्र तराजू थोडा फिरतो. ग्रीनवर पाण्याचा पातळ थर असला की चेंडू पळतच नाही, एकास चारचा हिशेब एकास दोनवर येतो, आणि चालवण्यापेक्षा टाकणंच बरं पडतं. त्या दोन महिन्यांत सात नंबर वापरून मी भागवतो. तुम्ही वेज काढलीत तर मी अडवणार नाही. बंकर, मधे नाला, पिन अगदी काठाशी आणि तुम्ही त्याच बाजूला, ग्रीन उंचावर : इथे वेजच हवी, वाद नको. अशा जागा एका फेरीत माझ्या वाट्याला तीन-चार येतात. बाकी सात-आठ चिपना वाट मोकळी असते.

म्हणून आज कोणी विचारलं तर माझा कल आठ नंबरकडे. नवी वेज पाच आकडी रकमेला पडते, आठ नंबर तुमच्या बॅगेत आहेच. आधी एक हिवाळा तिला द्या. पडवीत, गच्चीवर, सतरंजीच्या घडीवर, कुठेही. होळीपर्यंत मन भरलं नाही तर वेज घ्या, आणि ती बारा डिग्री बाउन्सची घ्या, फक्त वाळू आणि पावसासाठी. माझ्या बॅगेत आता तशीच एक आहे. ती कमी बाउन्सवाली आठ डिग्रीची डॉक्टरांनी नेली. त्यांच्या हातात ती चांगली चालते, निदान मे संपेपर्यंत.